कोमट बोअर आणि तेरा ओहम-मीटर

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला एका केळीवाल्याचा सातशे फुटांचा बोअर आहे. पाणी बऱ्यापैकी लागलं, पण कोमट. पहिल्या वर्षी कोणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या वर्षी पुण्याचे पाव्हणे, म्हणजे मालकाचे मेहुणे, उन्हाळ्यात आले. त्यांनी पाइपाखाली हात धरला आणि तिथंच जाहीर केलं की हे भू-औष्णिक आहे, यातून वीज निघेल. मालकाला गावात सगळे आप्पा म्हणतात, मीही तेच म्हणतो. आप्पांचा फोन आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तुम्ही मशीन लावून पाणी दाखवता ना भाऊ, तसं गरम पाणी दाखवता येतं का?"

माझा धंदा बोअरसाठी जागा दाखवण्याचा. पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन फिरतो, मी तारांची रिळं घेऊन फिरतो. गावाच्या दृष्टीनं आमच्यात फार फरक नाही. दर माझा जास्त, इतकाच. गरम पाणी शोधायचं काम मात्र माझ्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. ते कसं झालं आणि कुठे फसता फसता वाचलो, ते इथे सविस्तर लिहून ठेवतो आहे.

आधी पाव्हण्यांच्या बाजूनं बोललं पाहिजे, कारण त्यांचं म्हणणं हवेतलं नव्हतं. याच तालुक्यात अडावदजवळ उनपदेव आहे. गोमुखातून बारा महिने कढत पाणी पडतं. शरभंग ऋषींसाठी रामानं बाण मारून ते काढलं, अशी कथा घरोघरी सांगतात. शेजारी सुनपदेव आहे. शहाद्याकडे आणखी एक उनपदेव आहे. मराठीत ऊन पाणी म्हणजे गरम पाणीच, तेव्हा नावातच सगळं आलं. कोकणातलं उन्हवरे त्याच घरातलं, आणि गुजरातेतलं उनाईही लांबचं नातलग असावं. आप्पांच्या वाड्यात तर पिढ्यान्‌पिढ्या समजूत आहे की उनपदेवची एक शीर त्यांच्या शिवारातून जाते.

भूगर्भाच्या अंगानंही हा पट्टा साधा नाही. सोन, नर्मदा आणि तापी या नद्यांच्या कडेनं देशाच्या मध्यातून भेगांचा एक मोठा पट्टा जातो. सातपुडा वर उचललेला आणि तापीचं खोरं खाली खचलेलं, अशी रचना आहे. याच पट्ट्याच्या पूर्वेकडच्या टोकाला छत्तीसगडमध्ये तातापानी आहे. तिथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं खोदलेल्या विहिरींतून १०० अंश सेल्सिअसच्या आसपासचं पाणी आलं. मेहुण्यांनी हे वाचलेलं होतं. त्यांना वाटत होतं की खाली ज्वालामुखी असेल. तो नाही. आपला काळा खडक ज्वालामुखीचाच, पण ते लाव्हे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांची ऊब कधीच निघून गेली. इथले गरम झरे पावसाच्याच पाण्याचे. ते भेगांतून खोल उतरतं, पृथ्वीच्या नेहमीच्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेनं लवकर वर येतं. म्हणून इथे शोधायची ती भट्टी नव्हे, वाट.

पहिलं काम थर्मामीटरचं

आप्पांनी फोनवर ४६ अंश सांगितले होते. मे महिन्यात, दुपारी दोनला, दोनशे फूट काळ्या पाइपातून आलेल्या पाण्याचे! जळगावच्या उन्हात काळ्या पाइपात ठेवलं तर फ्रीजमधलं पाणीही चहाला चालेल. मी जानेवारीत गेलो. पहाटे पाचला थेट बोअरच्या तोंडाशी पाणी मोजलं. मोटर सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं पाणी थंड होतं, मग चढत गेलं आणि तीन तासांनी साडेसदतीसवर थांबलं. आणखी एक शंका असते. सबमर्सिबल पंप कमी पाण्यावर चालला की स्वतःच पाणी तापवतो. पण इथे धार भरपूर होती आणि तापमान स्थिर राहत होतं, तेव्हा तो आरोप पंपावर टिकला नाही.

साडेसदतीस अंश जास्त की कमी? आमच्या भागात उथळ विहिरीचं पाणी साधारण २८ अंशांचं असतं. खाली जाताना दर किलोमीटरला २५ ते ३० अंश वाढतात, हा नेहमीचा हिशेब. बोअर मारताना पाणी ५६० फुटांच्या सुमारास फुटलं होतं, म्हणजे १७० मीटरवर. तिथे ३३ अंश असणं रास्त. वरचे साडेचार अंश कुठूनतरी आलेले. म्हणजे गोष्ट खरी होती, पण बेताची होती. पाव्हण्यांनी फक्त "खरी आहे" एवढंच ऐकलं.

खुंट्या, झटका आणि थ्री फेज

माझं मशीन विद्युत रोधकता मोजतं, म्हणजे जमीन करंटला किती अडवते ते. तत्त्व सोपं आहे. जमिनीत एका रेषेत चार लोखंडी खुंट्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून करंट सोडायचा, आतल्या दोघींमध्ये व्होल्टेज मोजायचं. बाहेरच्या खुंट्या लांब सरकवत नेल्या की करंट खोलवर जातो आणि खालचे थर बोलू लागतात. १९१२ साली फ्रान्समध्ये कॉनराड श्लुंबर्जेनं या वाटेनं जमीन पहिल्यांदा मोजली. आज विहिरीची जागा दाखवणारा प्रत्येकजण त्याच्याच मांडणीवर पोट भरतो. उत्तर येतं ते ओहम-मीटरमध्ये. ओली काळी माती पाच-दहा, चिकणमाती दहा-पंधरा, गोड पाण्याची वाळू-रेती पन्नासच्या आसपास, भेगा पडलेला बसाल्ट तीस ते ऐंशी, आणि अखंड काळा पाषाण काही शे. हे आकडे माझ्या वहीतले, ढोबळ. एकाची हद्द दुसऱ्यात घुसते, आणि या प्रकरणातली सगळी भानगड तिथंच आहे.

सहा ठिकाणं निवडली, डोंगराकडून तापीकडे जाणाऱ्या ओळीत. प्रत्येक ठिकाणी तारा मात्र पूर्व-पश्चिम ताणल्या, डोंगराला समांतर. आडव्या ताणल्या असत्या तर एक खुंटी डोंगराच्या खडकात आणि दुसरी गाळात गेली असती. मग खालचं आणि बाजूचं यांची अशी मिसळ होते की घरी बसून वेगळं करता येत नाही. बाहेरच्या खुंट्या मध्यापासून ३०० मीटरपर्यंत न्यायच्या, म्हणजे एकूण ६०० मीटर तार, चार जणांच्या केळीतून. एका शेजाऱ्यानं खुंटीपाशी मिठाचं पाणी ओतताना पाहिलं आणि घण हातातून काढून घेतला. डोंगराकडच्या गोटेरी जमिनीत खुंटीला ओल लागत नाही, म्हणून मीठ-पाणी लागतंच. केळीत आधीच ठिबकची ओल होती, तिथे साध्या पाण्यावर भागवलं. तेव्हा कुठे घण परत मिळाला.

पहिल्या दिवशीचे निम्मे आकडे फेकून द्यावे लागले. ३०० मीटरवर खुंट्या असताना २०० मिलिअँपिअर करंट सोडला, तरी आतल्या खुंट्यांत पाऊण मिलिव्होल्टसुद्धा धड येत नाही. एवढ्या बारीक आवाजावर कान ठेवायचा आणि शिवारात गोंगाट केवढा! कृषिपंपांची थ्री फेज चालू असली की जमिनीत करंट गळत असतो. ती बंद व्हायची वाट पाहिली, तरी आकडा दर सेकंदाला उडी मारी. तासभर मशीनला शिव्या दिल्यावर लक्षात आलं. पलीकडच्या मक्याला रानडुकरांसाठी झटका मशीनचं कुंपण होतं. ते दर सेकंदाला तारेत झटका सोडतं, आणि त्याची अर्थिंग आमच्या खुंटीपासून वीस पावलांवर! दुसऱ्या दिवशी झटका बंद, थ्री फेज बंद, आणि करंटची दिशा उलटसुलट करून प्रत्येक आकडा चार वेळा घेतला. मग आकडे शहाण्यासारखे वागू लागले. पुस्तकात हे लिहिलेलं नसतं, म्हणून इथे जरा लांबण लावली.

तेरा

चौथं ठिकाण बोअरजवळचं. अगदी जवळ नव्हे. लोखंडी केसिंग, म्हणजे बोअरमधला आधाराचा पाइप, करंट पिऊन टाकतं, म्हणून पन्नास मीटर बाजूला घेतलं. आलेख सुरू झाला ११० वर, वरचे कोरडे गोटे. मग घसरायला लागला. ऐंशी, पन्नास, तीस, वीस. बांधावर बसलेल्या पाव्हण्यांना आकडे ऐकू जात होते. तारा लांबवल्यावर आलेख पुन्हा हळूहळू वर चढला. संध्याकाळी लॅपटॉपवर थर बसवले तेव्हा मध्ये एक थर निघाला, तेरा ओहम-मीटरचा. पाव्हण्यांनी मोबाइलवर न्यूझीलंडचा एक नकाशा काढून ठेवलेला होताच. कमी रोधकता म्हणजे उष्ण क्षेत्र. "बघा, तेरा!"

हा नकाशा खोटा नाही. न्यूझीलंडमध्ये वैराकेई इथे १९५८ साली वाफेवर वीज सुरू झाली, आणि त्या देशात उष्ण क्षेत्रांच्या हद्दी रोधकतेनंच आखल्या गेल्या. तिथे हे का चालतं, ते समजून घेतलं पाहिजे. गरम पाणी जास्त वीजवाहक असतं, हे एक कारण, पण धाकटं. थोरलं कारण माती. दोनशे अंशांपर्यंतचं गरम, खनिजांनी भरलेलं पाणी हजारो वर्षं खडकात खेळलं की खडकाची स्मेक्टाइट नावाची चिकणमाती होते, आणि ती करंट फार सहज नेते. उष्ण क्षेत्रावर तिची टोपीच बसते. गंमत म्हणजे त्याच्याही खाली, सव्वादोनशे-अडीचशे अंशांच्या पलीकडे, ती माती मोडून दुसरी खनिजं होतात आणि रोधकता पुन्हा वाढते. म्हणजे सगळ्यात तापलेल्या गाभ्याची रोधकता टोपीपेक्षा जास्त. "कमी तेवढं गरम" हे सूत्र तिथंही शेवटपर्यंत चालत नाही.

चिकणमाती इथेही आहे. तिथली उष्णतेनं घडवलेली, इथली तापीनं आणि डोंगरातल्या नाल्यांनी आणून टाकलेली. मशीनला दोघींतला फरक कळत नाही.

मग त्या रात्री, भरीत आणि कळण्याची भाकरी झाल्यावर, आप्पांच्या ओसरीवर वहीत हिशेब मांडला. पाण्याचं तापमान एक अंश वाढलं की त्याची रोधकता साधारण दोन टक्क्यांनी उतरते. २८ वरून साडेसदतीसवर गेलं तर फार तर पाचवा हिस्सा कमी. पन्नासची रेती असेल तर चाळीस होईल. तेरा नाही होणार. निव्वळ उष्णतेनं एवढी घसरण होत नाही.

दुसरा हिशेब त्याहून बोलका. बोअरच्या पाण्याची वाहकता मीटरवर ८०० मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर आली, म्हणजे त्या पाण्याची स्वतःची रोधकता साडेबारा ओहम-मीटर. हे मीटर आकडा २५ अंशांवर आणून दाखवतं, त्यामुळे उष्णतेचा परिणाम ते लपवतं. तो परत घातला तर पाणी दहाचं. खडक स्वतः करंट नेत नाही, पोकळ्यांतलं पाणी नेतं, असं धरून १९४२ साली आर्ची या अमेरिकन अभियंत्यानं एक सूत्र दिलं. त्यात दहाचं पाणी आणि तेराचा थर घातला तर त्या थरातला जवळजवळ नव्वद टक्के भाग पाणी असायला हवा. असा खडक नसतो, असतं ते शेततळं. म्हणजे त्या थरात पाण्याशिवाय आणखी कोणीतरी करंट नेतंय. खारं पाणी नाही, ते मोजून झालं होतं. इथून पूर्वेला वऱ्हाडात पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात असतो तर आधी त्याच्यावर संशय घेतला असता. उरली माती.

आप्पा आत जाऊन बोअरवाल्याची पावती घेऊन आले. केसिंग १९० फूट. या भागात केसिंग कुठवर घालतात? कडक खडक लागेपर्यंत. १९० फूट म्हणजे ५८ मीटर. माझ्या आलेखात तेराच्या थराचा तळ ४५ पासून ७० मीटरपर्यंत कुठेही बसत होता. पातळ थर आणि फार कमी रोधकता, किंवा जाड थर आणि जरा जास्त, दोन्हींचा आलेख सारखाच येतो. हा या पद्धतीचा जुना दुखणाईतपणा आहे. पावतीनं तळ ५८ ला ठोकला आणि तेरा हा आकडा पक्का झाला. "गोट्यांच्या खाली पिवळी चिक्कण निघत होती, गाडीवाला वैतागला होता," आप्पांना आठवलं. हे त्यांनी सकाळी सांगितलं असतं तर पाव्हण्यांची एक संध्याकाळ आनंदात गेली नसती. पण विचारायचं काम माझं होतं. दोन दिवसांच्या सर्वेक्षणापेक्षा ती पावती आधी मागायला हवी होती.

शिवाय गरम पाणी फुटतं १७० मीटरवर. ३०० मीटर तार ताणून माझी नजर शंभर, फार तर सव्वाशे मीटर खाली पोचते. ज्या थरावरून पाव्हणे टाळ्या पिटत होते, त्याचा त्या पाण्याशी थेट संबंधच नव्हता.

खरी गोष्ट बाजूला होती

सगळी सहा ठिकाणं शेजारी शेजारी मांडली तेव्हा तेरापेक्षा दुसरंच काही दिसलं. डोंगराकडच्या पहिल्या दोन ठिकाणी काळा खडक आठ-दहा मीटरवर. तिसऱ्या ठिकाणी पंधरावर. चौथ्या ठिकाणी, तिथून जेमतेम दोनशे मीटर पुढे, अठ्ठावन्नवर. पाचव्या आणि सहाव्या ठिकाणी तर आमच्या टप्प्यात खडक लागलाच नाही. उतार असा नसतो. हा गाळाखाली गाडलेला कडा, म्हणजे सातपुडा उचलला गेला आणि खोरं खचलं त्या जुन्या भेगेच्या काठांपैकी एक काठ, असं मी धरलं. खोल गेलेलं पाणी वर यायला अशीच वाट लागते, आणि आप्पांचा बोअर तिच्या ओठावर बसलेला.

हे धरलं, सिद्ध झालं नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी मशीन गाडीत टाकलं आणि लांब वायरीला बांधलेला तापमापक घेतला. खान्देशात वाया गेलेल्या बोअरना तोटा नाही. आप्पांनी ओळखीपाळखीनं पाच उघडे करून दिले. एकात दगड टाकलेले निघाले, चार मिळाले. बंद बोअरमधलं पाणी बरेच दिवस हललेलं नसतं, म्हणून ते भोवतालच्या खडकाचं तापमान प्रामाणिकपणे सांगतं. १२० मीटरवरचे आकडे घेतले. डोंगराकडचा एक आणि तापीकडचा एक, दोन्ही साडेएकतीसच्या आसपास, म्हणजे जसे असावेत तसे. पण त्या गाडलेल्या काठाच्या ओळीत, आप्पांच्या पूर्वेला आणि पश्चिमेला असलेले दोन, एक चौतीस आणि एक पस्तीस. ऊब त्या ओळीवरच होती, बाजूला पसरलेली नव्हती.

रोधकतेनं उष्णता दाखवली नाही. तापमापक कुठे सोडायचा, ते दाखवलं. माझ्या अहवालात हे वाक्य पहिल्या पानावर आहे, आणि पाव्हण्यांना तेच आवडलं नाही.

विजेचं काय, हे त्यांनी शेवटी विचारलंच. नेहमीच्या वाढीनं इथे १०० अंश गाठायला दोन किलोमीटरहून खोल जावं लागेल. आपल्या बोअरच्या गाड्यांचं ते काम नव्हे, तेलविहिरीसारखा रिग लागतो. त्यापेक्षा थंड पाण्यावर वीज होतच नाही असं नाही. अलास्कातल्या चेना इथे २००६ पासून ७४ अंशांच्या पाण्यावर होते. पण तिथे दुसऱ्या बाजूला बर्फाळ ओढ्याचं पाणी असतं. यंत्र चालतं ते गरम आणि थंड यांच्या अंतरावर. आपल्याकडे साडेसदतीसचं पाणी आणि मे महिन्यात चव्वेचाळीसची हवा. उलटीच वीज काढावी लागेल. आपल्या देशात मणिकरणला प्रयोग म्हणून ५ किलोवॉटचा संच चालवला होता, आणि लडाखच्या पुगा खोऱ्यात ओएनजीसीनं २०२१ मध्ये करार करून खोदाईचं काम घेतलं. ती ठिकाणं हिमालयातली, तिथली उष्णता वेगळी. या शिवारात खोल पाहायचंच असेल तर पृथ्वीच्या नैसर्गिक विद्युत-चुंबकीय लहरी मोजणारी मॅग्नेटोटेल्युरिक पद्धत लागेल, ती कित्येक किलोमीटर खोल पाहते. पण एका शेतकऱ्यानं आपल्या पैशानं ती करावी असं मी सुचवलं नाही. सुचवलं असतं तर माझी ओळख असलेल्या मंडळींना काम मिळालं असतं, हेही खरं.

आप्पांनी अहवाल वाचला नाही. एकच विचारलं, हे पाणी केळीला वाईट की चांगलं? उन्हाळ्यात ते आधी शेततळ्यात सोडून निववलं पाहिजे, ते तसंही करत होते. हिवाळ्याची गोष्ट वेगळी. जानेवारीत इकडे पारा आठ-दहावर येतो, केळीला चरका बसतो, पानं पिवळी पडतात, घड अडकतो. लोक बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात आणि पहाटे विहिरीचं पाणी देतात, कारण ते हवेपेक्षा ऊबदार असतं. आप्पांकडे तर सगळ्यांपेक्षा दहा अंश जास्त ऊब होती, पण ते थंडीतही पाणी आधी शेततळ्यात साठवून मग ठिबकला देत होते. म्हणजे बोअरची ऊब रात्रभर आभाळाला. बोअरवरून थेट ठिबकच्या मेन लाइनला जोडणारा एक व्हॉल्व आणि एक बायपास, एवढं सुचवलं. फक्त थंडीतली थ्री फेज रात्रीची मिळाली पाहिजे, ते माझ्या हातात नाही.

पुढच्या जानेवारीत आप्पांचा फोन आला. थंडी जोरात होती, बायपास चालू होता. आणि पश्चिमेकडचा तो पस्तीस अंशांचा पडका बोअर ज्याचा होता, त्यानं साफ करून मोटर टाकली होती. पाव्हण्यांनी, म्हणे, त्याच्याशीही बोलणी सुरू केली आहेत.